फोस्कारी पितापुत्र

इटालियन संगीतकार वेर्दी ह्याची ‘इ दुए फोस्कारी’ ही संगीतिका ता. ३ नोव्हेंबर १८४४ रोजीं रोम येथें प्रथम रंगभूमीवर आली. ती व्हेनिसमध्येंच व्हावी असा त्याचा मूळ मानस होता. परंतु कथेंत ज्या घराण्यांवर ठपका येतो त्यांचे वंशज त्या शहरांत अद्याप नांदत असल्यानें तेथील नाट्यगृहानें हा विषय नाकारला. चारशें वर्षांपूर्वींच्या वैराची एवढी धग शिल्लक राहावी, हें पाहून मूळ इतिहास धुंडाळण्याचा मोह आम्हांस आवरला नाहीं.

बायरनच्या नाटकावरून घेतलेली ही कथा थोडक्यांत अशी. वृद्ध फ्रान्चेस्को फोस्कारी हा व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचा दोजे, म्हणजे अधिपति. त्याचा पुत्र याकोपो खुनाच्या आरोपावरून हद्दपार झालेला असून राजद्रोहाच्या नव्या आरोपासाठीं त्यास परत आणून यातना दिल्या जातात. सून लुक्रेत्सिया सासऱ्यापुढें पदर पसरते. पण कायद्यापुढें सासराहि हतबल! याकोपोची पुन्हां क्रीट बेटाकडे रवानगी होते. खुनी दुसराच होता असें कबुलीपत्र हातीं येतें खरें, पण तोंवर याकोपोनें प्राण सोडलेले असतात. पाठोपाठ म्हाताऱ्यास पदच्युत करण्यांत येतें, नव्या दोजेच्या निवडीची घंटा ऐकून तो कोसळतो, आणि त्याचा वैरी लोरेदान आपल्या वहींत जुनें देणें फिटल्याची नोंद करतो.

इतिहास इतका सरळ नाहीं. १४४५ सालीं परसत्तेकडून देणग्या घेतल्याबद्दल याकोपोस पहिली हद्दपारीची शिक्षा झाली. दोन वर्षांनीं त्यास माफी मिळाली. १४५० च्या नोव्हेंबरांत एर्मोलाओ दोना ह्या वजनदार सरदाराचा खून झाला, आणि संशय याकोपोवर आला. दोरीनें टांगूनहि त्यानें कबुली दिली नाहीं, तरी त्यास क्रीटला धाडलें. १४५६ सालीं परसत्तेशीं गुप्त पत्रव्यवहाराच्या आरोपावरून तिसरा खटला झाला. पुढच्याच वर्षाच्या आरंभीं तो क्रीटमध्यें वारला. कबुलीपत्राची हकीकत मात्र उत्तरकालीन बखरकारांची आहे. त्या एका कागदानें कवीनें प्रेक्षकांच्या मनाची मोठीच सोय केली, असें आम्हांस वाटतें. पुत्र निर्दोष ठरला कीं रडणें सोपें होतें. जो पिता हें कधींच निश्चित जाणूं शकला नाहीं, त्याचें काय झालें असेल?

संगीतिकेंत दोजे न्यायसभेंत आसनावर विराजमान असतो. वास्तविक ‘दहांच्या मंडळा’चा दंडक असा कीं, आप्ताचा खटला निघाला म्हणजे सभासदानें दालनाबाहेर जावें. तें रिकामें आसन आम्हांस रंगभूमीवरील देखाव्याहून अधिक भयंकर वाटतें. अखेरच्या भेटींत याकोपोनें घरीं परतण्याची खटपट करण्याविषयीं बापाची विनवणी केली. ‘जा, नगरीची इच्छा पाळ, अधिक मागूं नकोस,’ अशा अर्थाचें उत्तर त्यास मिळालें. आणि तो दाराबाहेर पडतांच म्हातारा धाय मोकलून रडला, असें समकालीन बखर सांगते. हे दोन क्षण एकाच माणसाचे आहेत, हें ध्यानांत ठेवलें पाहिजे.

१४५७ च्या ऑक्टोबरांत, चौतीस वर्षांच्या कारकीर्दीनंतर, दहांच्या मंडळानें त्यास पदावरून दूर केलें. १ नोव्हेंबरास तो वारला. लोरेदानच्या वहीची गोष्ट चटकदार आहे, पण ती दंतकथाच समजावी.

संगीतिकेंत जिला स्थानच नाहीं अशी एक स्त्री ह्या वेळीं पुढें येते. ती दोजेची पत्नी मारिना. जिवंतपणीं ज्याचें पद हिरावलें त्याच्या प्रेतास आतां राजसन्मान कशाला, असें म्हणून तिनें शव देण्यास हरकत घेतली. अंत्यविधीचा खर्च आपण स्वतः सोसूं, असें तिचें म्हणणें होतें. तिचें कोणीं ऐकलें नाहीं. दोजेचीं वस्त्रें चढवून शव मिरवीत नेण्यांत आलें, आणि नवा दोजे साध्या सभासदाच्या वेषांत त्यामागून चालला.