ताऱ्यांचे मूळ गाव

आपले हळ्ळीखेड 1956 पर्यंत हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होते. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मराठी मुलखात गेले. हुमनाबाद, भालकी इकडे राहिले. हा इतिहास आपल्या घराघरांत सांगितला जातो. त्याच हैदराबादेत आकाशाचीही एक मोठी मोजणी झाली होती, ती मात्र फारशी कोणी सांगत नाही. यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही तो विषय घेतला आहे.

नवाब जफर जंग या हौशी उमरावाने विलायतेहून पंधरा इंची दुर्बीण आणवली आणि 1901 मध्ये वेधशाळा स्थापली. त्यांच्या निधनानंतर 1908 मध्ये निजाम सरकारने ती ताब्यात घेतली. तेव्हा जगातल्या अनेक वेधशाळांनी सारे आकाश पट्ट्यापट्ट्यांनी वाटून घेतले होते. प्रत्येकीने आपल्या पट्ट्याची छायाचित्रे काचेवर घ्यायची आणि एकेका ताऱ्याची जागा मोजायची, असे ते काम होते. चॅटवूड, पोकॉक आणि नंतर टी. पी. भास्करन यांच्या देखरेखीखाली हैदराबादने साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांच्या जागा मोजून 12 खंडांत छापल्या. भास्करन यांच्याच काळात मोठ्या दुर्बिणीतून रूपविकारी ताऱ्यांचेही वेध घेतले जाऊ लागले.

ज्या ताऱ्याचे तेज कमी-जास्त होते तो रूपविकारी तारा. गणपतीच्या दिवसांत रात्री आठच्या सुमारास उत्तरेकडे उंचावर अभिजित तारा दिसतो. तो ज्या स्वरमंडळ तारकासमूहात आहे, त्यातच ‘आर आर लायरी’ नावाचा एक मंद तारा आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, साध्या द्विनेत्रीतून दिसतो. त्याचे तेज दर साडेतेरा तासांनी वाढते आणि उतरते. हार्वर्ड वेधशाळेतल्या विल्यमिना फ्लेमिंग या बाईंनी 1899 मध्ये तो हेरला. या जातीचे तारे फार म्हातारे, साधारण हजार कोटी वर्षांचे असतात आणि त्यांचे खरे तेज जवळपास सारखे, सूर्याच्या चाळीस-पन्नास पट असते.

याचा उपयोग काय? रानात रात्री एकाच मापाचे दोन कंदील दिसले, एक ठळक आणि एक मिणमिणता, तर मिणमिणता लांब आहे हे आपण लगेच ओळखतो. तसेच या ताऱ्यांचे अंतर काढता येते. हार्लो शॅप्ली यांनी 1918 मध्ये मुख्यतः अशाच ताऱ्यांच्या आधाराने दाखवले, की आपला सूर्य आकाशगंगेच्या मध्यावर नाही, बराच बाजूला आहे.

आकाशगंगेच्या तबकडीभोवती विरळ ताऱ्यांचे एक अफाट प्रभामंडळ आहे. त्यातले तारे सगळीकडे सारखे विखुरलेले असावेत, असा पूर्वी समज होता. 1994 मध्ये धनु राशीच्या दिशेला एक लहान दीर्घिका सापडली. आपली आकाशगंगा तिला ओढून विस्कटते आहे आणि तिचे तारे लांबलचक प्रवाहासारखे आकाशभर पसरले आहेत, हे पुढे उघड झाले. तेव्हापासून असे आणखी पुंजके आणि प्रवाह शोधायला रूपविकारी तारे कामी येऊ लागले.

या शोधात आपल्या भागाशी नाते सांगणारे एक नाव आहे. श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म 1956 चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा; शाळा हुबळीची. अमेरिकेत पालोमार येथील 48 इंची दुर्बिणीने बदलते आकाश टिपणारी मोहीम त्यांच्या नेतृत्वाखाली 2009 मध्ये सुरू झाली. त्या मोहिमेतल्या आठ रूपविकारी ताऱ्यांवरून 2012 मध्ये कर्क राशीच्या दिशेला, अडीच लाख प्रकाशवर्षांपलीकडे, दोन गट ओळखले गेले. हे तारे दिसायला वेगळे नव्हते. अंतर सारखे आणि वेग मात्र दोन प्रकारचे, यावरून गट कळले.

नुसती जागा पाहून ताऱ्याचे कूळ कळत नाही. त्याची चाल पाहावी लागते आणि त्यासाठी जुनी नोंद लागते. हैदराबादच्या खंडांचे मोल इथे आहे. 2000 मध्ये तयार झालेल्या ‘टायको-2’ या सूचीत सुमारे 25 लाख ताऱ्यांची चाल दिली आहे. ती काढताना उपग्रहाच्या मोजणीशी त्याच जुन्या आकाश-मोजणीतल्या जागा ताडून पाहिल्या. काचेवरचे ठिपके मोजणाऱ्या कारकुनांना हे पाहायला मिळाले नाही, पण त्यांचे काम वाया गेले नाही.

सरकारी नोकरीत आमचा रोजचा संबंध नोंदींशी येतो, म्हणून ही गोष्ट आम्हाला जवळची वाटते. आपली मराठी घरेही इथे पिढ्यान्‌पिढ्या मिसळून गेली आहेत. बाजारात आपण कानडी बोलतो आणि मुले कानडी शाळेत शिकतात, यात वावगे काही नाही. पण कोणाचे कुलदैवत तुळजापूरची भवानी, कोणाचा खंडोबा, कोणते घर कुठल्या गावाहून आणि कितव्या पिढीत आले, हे सांगणारी माणसे आता मोजकीच उरली आहेत. यंदा आरतीनंतर मंडळाने एक वही ठेवावी आणि प्रत्येक घराने त्यात मूळ गाव, कुलदैवत आणि आठवतील तितक्या पिढ्या लिहाव्यात, अशी आमची विनंती आहे. तिचा उपयोग आज कदाचित दिसणार नाही. पण उद्या कोणी शोधायला निघाले, तर त्याला जुनी नोंद सापडायला हवी.