बोटाने बोललेली भाषा

आपल्याला बोलता येते, म्हणून बोलणे म्हणजे काय याचा विचार आपण सहसा करीत नाही. पण ज्याचा जिभेवर ताबा नाही, हातात पेन्सिल ठरत नाही, अशा मुलाच्या मनात काय चालले आहे हे वर्गातल्या बाईंनी ओळखायचे कसे? फार काळ उत्तर सोपे होते. बोलत नाही त्याला कळतही नाही, असे धरून चालायचे!

या समजुतीला धक्का देणारी एक गोष्ट १९७१ साली कॅनडातील टोरांटो शहरात घडली. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या एका केंद्रात शर्ली मॅक्नॉटन या शिक्षिका होत्या. अशा मुलांपुढे चित्रांचे तक्ते ठेवीत. पाणी हवे, जेवण हवे, एवढे सांगायला चित्र पुरते. पण ‘काल’, ‘कदाचित’, ‘उलट’ यांचे चित्र काढायचे कसे? अक्षरे ठेवावीत, तर लहान मुलांना अजून वाचता येत नव्हते. शोधता शोधता त्यांना एका पुस्तकात चार्ल्स ब्लिस यांच्या चिन्हलिपीचा उल्लेख सापडला.

हे ब्लिस कोण? १८९७ साली तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतील चेर्नोवित्झ येथे जन्मलेले एक ज्यू रसायन-अभियंते. १९३८ साली नाझींनी त्यांना दाखाऊ आणि पुढे बुखेनवाल्डच्या छळछावणीत डांबले. सुटल्यावर इंग्लंडमार्गे ते शांघायला पोहोचले. निरनिराळ्या बोली बोलणारे चिनी लोक एकच लेखन वाचतात, याचे त्यांना फार नवल वाटले. साऱ्या जगाला अशी एक लिपी मिळाली तर माणसामाणसांतले गैरसमज मिटतील, या ध्यासाने त्यांनी चिन्हे रचली आणि १९४९ साली ऑस्ट्रेलियातून आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. जगाने त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही.

टोरांटोच्या मुलांना मात्र तीच लिपी लागू पडली. हृदयाची आकृती म्हणजे भावना. तिच्याजवळ वर जाणारा बाण काढला की आनंद, खाली जाणारा काढला की दुःख. काळ दाखवायला वेगळी खूण, ‘उलट’ म्हणायला वेगळी. थोडी चिन्हे जोडून मूल स्वतःचा नवा शब्द घडवू शकत होते. चित्राच्या तक्त्यावर मागता येत होते. इथे सांगता येऊ लागले, विचारता येऊ लागले.

ब्लिस आधी हरखून गेले, मग रागावले. शिक्षिका या चिन्हांचा उपयोग इंग्रजीकडे नेणारा पूल म्हणून करीत होत्या, गरजेप्रमाणे त्यांत भरही घालीत होत्या. ब्लिस यांना आपली लिपी जशीच्या तशी हवी होती. वाद वकिलांपर्यंत गेला. अखेर १९८२ साली दिव्यांगांसाठी ही चिन्हे वापरण्याचा परवाना कॅनडातील संस्थेला मिळाला. १९८५ साली ब्लिस वारले. त्यांच्या बाजूने एवढे म्हणता येईल, की त्यांनी आयुष्य वेचून लिपी घडवली होती. पण भाषा घडवणाऱ्याची राहत नाही, ती बोलणाऱ्याची होते.

आपल्याकडे मुंबईत १९७२ साली मिठू अलूर यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. त्यांची कन्या मालिनी चिब एका बोटाने टंकलेखन करीत पदवीधर झाल्या, पुढे त्यांनी आत्मचरित्रही लिहिले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने तर ‘संवाद’ या शब्दाच्या व्याख्येतच बोलण्याला पूरक आणि पर्यायी साधने घातली. आता अशी मुले सर्वसाधारण शाळेच्या वर्गातही बसतात.

पण तक्ता किंवा यंत्र दप्तरातच राहिले, तर ते मूल दिवसभर मुके राहते. बाईंनी प्रश्न विचारला आणि उत्तराला दोन मिनिटे लागणार असली, तर ती दोन मिनिटे वर्गाने थांबले पाहिजे. शेजारच्या मुलालाही त्या चिन्हांचा अर्थ कळला पाहिजे; नाहीतर मधल्या सुट्टीत बोलायचे कोणाशी? कायदा जागा देतो. ऐकून घेणे मात्र आपल्यालाच शिकावे लागते.