ओहोटीच्या भरवशावरचं शहर

सकाळी 8:30. मंगळवार, 26 जुलै 2005. कुलाबा आणि सांताक्रूझच्या वेधशाळांत आदल्या दिवसाच्या पावसाचा हिशेब बंद होतो. आता पडेल तो उद्याच्या खात्यात.

सकाळी 10. ओहोटी. माहीमच्या खाडीत चिखल उघडा पडलाय, नाल्यांची तोंडं मोकळी. मुंबईच्या पर्जन्यवाहिन्या नेमक्या अशाच वेळेसाठी आखलेल्या: ओहोटी हवी, पाऊस तासाला 25 मिलिमीटरच्या आत हवा आणि पडलेल्यातलं निम्मं जमिनीनं पिऊन टाकायला हवं. इंग्रजांच्या काळी जमीन पीतही असेल. आता तिच्यावर डांबर आणि लाद्या.

दुपारी 12. विशेष काही नाही. तेवढ्यात एक जुना कागद बघून घेऊ. 1985 च्या पुरानंतर पालिकेनं अभ्यास करवून घेतला आणि 1993 मध्ये ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल आला. तासाला 50 मिलिमीटर धरा, जमीन काहीच पिणार नाही असं समजा, समुद्राच्या तोंडाशी उदंचन केंद्रं बांधा. खर्च सुमारे 616 कोटी. बारा पावसाळे गेले.

दुपारी 2:30. सांताक्रूझला आभाळ फाटतं. कुलाब्यात छत्री उघडावी की नको, एवढाच प्रश्न.

दुपारी 3:30. शिगेच्या तासात 190 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. मिलन सबवे केव्हाच भरलाय. तो तर दरवर्षीच भरतो, म्हणून कुणी दचकत नाही. रस्त्याकडेच्या जाळीकडे मात्र बघा. पाणी आत जायचं थांबलंय. आधी बुडबुडे, मग काळपट फेस, मग जाळीतूनच पाणी वर.

दुपारी 4 च्या सुमारास. भरती, 4.48 मीटर. शहरातली 186 पातमुखं, म्हणजे नाल्यांची तोंडं, समुद्राला मिळतात. त्यांतली मोजून सहा भरतीच्या पातळीच्या वर आणि 45 तर समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली. नाल्यातून येणाऱ्या पाण्याला आता समुद्र उलट रेटतोय.

उदंचन केंद्र असतं, तर त्याचं काम इथे सुरू झालं असतं. भरती चढली की फाटकं पाडायची, समुद्र बाहेर. आत साठणारं पाणी पंपानं उचलून भिंतीपलीकडे टाकायचं. या पुरानंतर बसवलेला एकेक पंप सेकंदाला 6000 लिटर उपसणारा. पण खरी अक्कल लागते ती पंपाच्या आजूबाजूला. तोंडाशी जाळ्या आणि त्यांवरचा कचरा सतत ओढून काढणारे दाते नसतील, तर प्लास्टिकच्या पिशव्याच फाटकाचं काम करतील. विजेचे पॅनेल आणि जनरेटर पुराच्या पातळीच्या वर हवेत. एखादा पंप नेमका त्याच दिवशी आजारी पडणार, हे गृहीत धरून जादा पंप हवा.

50 साठी आखलेली यंत्रणा 190 ला पुरली नसतीच, हेही खरं. पण पाणी उतरायला ओहोटीची वाट बघावी लागली नसती.

संध्याकाळी 5. लोकल ठप्प. विमानतळ बंद. पवई-विहारकडून येणारी मिठी कुर्ला, कालिना गिळत चाललीय. मीटरच्या खोल्या तळमजल्यावर. उपनगरांत वीज तोडावी लागते.

रात्री 8. माणसं रुळांवरून, महामार्गावरून चालत घरी निघालीयत. कमरेएवढ्या पाण्यात पुढचा माणूस काठीनं जमीन चाचपतो. कुठे मॅनहोलचं झाकण उघडं असेल, सांगता येत नाही. पाण्यात मैलाही मिसळलाय. लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण पुढच्या आठवड्यांत दिसतील.

रात्री 10. ओहोटी. नाल्यांची तोंडं पुन्हा उघडतात. पाऊस पडतोच आहे आणि पहाटे चारला पुन्हा भरती.

बुधवार, सकाळी 8:30. हिशेब बंद. सांताक्रूझ 944 मिलिमीटर, कुलाबा 73.