धोका माहीत होता, टेबलं वेगळी होती

२९ सप्टेंबर २००६ या तारखेवर आपण दरवर्षी बोलतो. खैरलांजीच्या क्रौर्यावर बोलतो, आणि बोललेच पाहिजे. पण त्या दिवसाच्या एका बाजूवर चळवळीत फारशी चर्चा झाली नाही. सुरेखाताई भोतमांगे साक्षीदार होत्या. सिद्धार्थ गजभिये यांच्यावर झालेल्या हल्ल्यातील आरोपी त्यांनी ओळखले होते. त्या आरोपींना २९ तारखेला अटक झाली, त्याच दिवशी जामीन मिळाला, आणि त्याच संध्याकाळी जमाव भोतमांगेंच्या दारात आला. अटक करणाऱ्यांना साक्षीदार कोण हे माहीत होते. सुटलेले लोक कोणत्या गावी परत जाणार हेही गुपित नव्हते. तरी दारात एक शिपाई उभा नव्हता.

यानंतर बरोबर २७ दिवसांनी, २६ ऑक्टोबर २००६ रोजी, कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा देशात लागू झाला. एक जातीय हत्याकांड, दुसरा घरातल्या मारहाणीविरुद्धचा कायदा. यांना एकत्र का आणायचे, असे कोणी विचारेल. आम्ही आणतो, कारण दोन्हीकडे प्रश्न एकच आहे. जिच्या जिवाला सर्वांत जास्त धोका असतो, तिच्याबद्दलची माहिती तुकड्यातुकड्यांनी अनेकांकडे असते. ठाण्यात एक अदखलपात्र नोंद असते, सरकारी दवाखान्यात केसपेपर असतो, अंगणवाडीताईंना तिच्या गळ्यावरचे वळ दिसलेले असतात, पोलीस पाटलाला रात्रीचा आरडाओरडा ऐकू आलेला असतो. हे तुकडे एका टेबलावर आले, तर पुढे काय होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. ते येत नाहीत, हीच हिंसेची दुसरी बाजू आहे.

या कायद्याची कलमे आपल्या कार्यकर्त्यांनी नीट वाचावीत. कलम ११ शासनावर बंधन घालते की विधी, गृह, आरोग्य या खात्यांच्या सेवांमध्ये परिणामकारक समन्वय असला पाहिजे आणि त्याचा वेळोवेळी आढावा घेतला पाहिजे. कायद्याखालच्या २००६ च्या नियमांत नमुना ५ आहे, तो म्हणजे सुरक्षा योजना. आधी काय घडले, तिला पुढे कशाची भीती वाटते, कोणते आदेश हवेत, हे सगळे त्यात लिहायचे असते. आणि नियम ९ तर स्पष्टच आहे. हिंसा चालू आहे किंवा होण्याची शक्यता आहे अशी विश्वसनीय खबर फोनवर जरी मिळाली, तरी संरक्षण अधिकाऱ्याने ताबडतोब पोलिसांची मदत घेऊन जागेवर जायचे, घटना अहवाल नोंदवायचा आणि विनाविलंब दंडाधिकाऱ्यांपुढे ठेवायचा. म्हणजे पोलीस, महिला व बालविकास आणि न्यायालय यांनी एकत्र हालचाल करायची हे कागदावर ठरून वीस वर्षे होत आली.

मग अडते कुठे? मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावे लागले की सहा आठवड्यांत जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमा. कायदा लागू झाल्यानंतर एकोणीस वर्षांनी! यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही.

आपल्याला हे करता येत नाही असेही नाही. महाराष्ट्राने हे देशाच्या आधी करून दाखवले आहे. १९८३ च्या अखेरीस भारतीय दंड संहितेत ४९८-अ कलम आले. पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष सहाय्य कक्ष सुरू केला. यातली कल्पना साधी होती, पण तिचे महत्त्व मोठे होते. प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसणार पोलिसांच्या इमारतीत, पण पोलिसांच्या हुकमाखाली नाही. बाई ठाण्याची पायरी चढली की तिला खाकीबरोबर दुसरा माणूसही भेटणार, जो तिचे ऐकून घेईल आणि तिच्या वतीने आतल्या यंत्रणेला हलवेल. पुढे राज्य शासनाने ही रचना स्वीकारली आणि हे कक्ष जिल्ह्यांपर्यंत पोहोचले.

दुसरा प्रयोग दवाखान्यात झाला. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० च्या सुमारास मुंबई महापालिका आणि सेहत या संस्थेने ‘दिलासा’ केंद्र उभे केले. स्टोव्हचा भडका उडाला, मोरीत पाय घसरला, चुकून औषध प्यायले. अपघात विभागात येणाऱ्या बायका ही वाक्ये बोलतात आणि रजिस्टरमध्ये तीच उतरतात. ‘दिलासा’ने परिचारिका आणि डॉक्टरांना त्या वाक्याच्या मागे बघायला शिकवले. पोलिसांकडे कधीच न जाणारी बाई दवाखान्यात येतेच, हे त्यांनी ओळखले. पुढे महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही हे केंद्र गेले.

या दोन प्रयोगांत एक जागा मोकळी राहिली. ठाण्यातली ताई आणि दवाखान्यातली ताई यांनी ठरलेल्या दिवशी समोरासमोर बसून ‘या महिन्यात कोणत्या बायका मारल्या जाऊ शकतात’ अशी यादी करावी, हे आपल्याकडे व्यवस्था म्हणून रुजले नाही. वेल्समधल्या कार्डिफ शहरात २००३ पासून नेमके हेच होते. पोलीस, आरोग्य, घरे देणारा विभाग, सुटलेल्या गुन्हेगारांवर देखरेख ठेवणारे अधिकारी आणि बाईची बाजू मांडणारी स्वतंत्र कार्यकर्ती असे सगळे बसतात. गळा दाबला का, हत्यार दाखवले का, गरोदरपणात मारले का, ती वेगळी राहायला निघाली आहे का, अशा प्रश्नांवरून धोका मोजतात. प्रत्येक खात्याने काय करायचे ते त्याच बैठकीत ठरते आणि पुढच्या बैठकीत विचारले जाते. बाईला सात टेबलांवर सात वेळा तेच रडगाणे गावे लागत नाही. यात पैशापेक्षा जबाबदारी जास्त लागते, म्हणूनच ते अवघड आहे.

आता मूळ मुद्दा. आपल्या व्यवस्थेला समित्या नेमता येत नाहीत असे नाही. त्या कोणासाठी नेमल्या जातात ते बघा.

जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी, ए. के. गोयल आणि यू. यू. लळित यांनी, ४९८-अ चा गैरवापर होतो असे सांगून प्रत्येक जिल्ह्यात परिवार कल्याण समित्या नेमायला सांगितले. तक्रार आधी समितीकडे जाणार, तिचा अहवाल येईपर्यंत साधारणपणे अटक नाही. आठ महिन्यांनी, २० मार्च २०१८ रोजी, याच दोन न्यायमूर्तींच्या पीठाने आपल्याच महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात ॲट्रॉसिटी कायद्याला प्राथमिक चौकशीची आणि पूर्वपरवानगीची वेसण घातली. पीठ तेच, तर्क तोच: तक्रारदार खोटे बोलत असणार. २ एप्रिलला आपण भारत बंद केला, रस्त्यावर आलो, माणसे गमावली. संसदेने कलम १८-अ आणून तो निकाल निष्प्रभ केला. ४९८-अ साठी मात्र आपण रस्त्यावर नव्हतो. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये न्यायालयानेच त्या समित्या बाजूला सारल्या, आणि जुलै २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या मार्गदर्शक सूचनांना मान्यता देताना त्या दुसऱ्या दाराने परत आल्या: दोन महिने थांबा, आधी समिती. ज्या बाईला आज रात्री घरी परतायचे आहे तिने हे दोन महिने कुठे काढायचे?

दुसरे उदाहरण पालघर जिल्ह्यातले. नोव्हेंबर २०२० मध्ये एका तरुणीने ठाण्यात लेखी दिले होते की सोबत राहणारा पुरुष मारतो, गुदमरवतो, तुकडे करण्याची धमकी देतो. सहकाऱ्यांना माहीत होते, ती त्याच सुमारास रुग्णालयातही गेली होती. नंतर तिने भांडण मिटल्याचे लिहून दिले आणि कागद बंद झाला. २०२२ मध्ये दिल्लीत तिचा खून झाला. घाबरलेली बाई तक्रार मागे घेते तेव्हा धोका कमी झाला असे समजायचे की वाढला? शासनाने यातून काय धडा घेतला? १३ डिसेंबर २०२२ चा शासन निर्णय: आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाह-परिवार समन्वय समिती. पळून जाऊन लग्न केलेल्यांची माहिती गोळा करायची आणि माहेरशी संपर्क साधायचा. दोन दिवसांत ओरड झाली, ‘आंतरजातीय’ शब्द वगळला, बाकी राहिले. ठाणे आणि दवाखाना यांचा समन्वय हवा होता. मिळाली ती मुलींच्या निवडीवर पाळत. बाबासाहेबांनी आंतरजातीय विवाह हा जात मोडण्याचा खरा उपाय मानला, आणि सरकारला समन्वय सुचला तो त्याच्यावर नजर ठेवण्याचा.

आता थोडे आपल्याच वाडीकडे. आम्ही हे मिरजोळ्यातून लिहितो आहोत. इथून जिल्हाधिकारी कार्यालय, पोलीस अधीक्षक, जिल्हा रुग्णालय आणि न्यायालय हे सगळे रिक्षेच्या अंतरावर आहे. मंडणगडच्या, म्हणजे बाबासाहेबांच्या आंबडव्याच्या तालुक्यातल्या बाईला रत्नागिरी गाठायला एसटीत अर्धा दिवस जातो. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते मंडणगडच्या न्यायालयाचे उद्घाटन झाले, ही आनंदाची गोष्ट. पण न्यायालयापर्यंत पोहोचण्याआधी ती जिथे पोहोचते, ती असते वाडीची बैठक. आणि आपल्या बौद्धवाड्याही याला अपवाद नाहीत. नवरा मुंबईला, सासरची माणसे गावाला, मारहाण गणपती किंवा मे महिन्याच्या सुट्टीत; बैठक बसते, दोघांना समजावते, समाजाची बदनामी नको म्हणते, आणि बाईला परत त्याच घरात पाठवते. पंचशील म्हणून सुरू झालेल्या बैठकीत हे होते.

२० जुलै १९४२ रोजी नागपुरात बाबासाहेबांच्या उपस्थितीत दलित महिला परिषद भरली, तेव्हा आपल्या आजींनी बायकोलाही घटस्फोटाचा हक्क हवा असा ठराव केला होता. रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याच्या ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी या स्त्रियांचा इतिहास गोळा केला नसता, तर तो आपल्याला कळलाही नसता. १९५१ मध्ये हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या माणसाच्या नावाने चालणाऱ्या बैठकीत ‘थोडे सहन कर’ हे वाक्य उच्चारले जाते. हे कुठल्या धम्मात बसते ते बैठकीतल्या ज्येष्ठांनीच सांगावे.

ॲट्रॉसिटी कायद्याखालची जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती आपल्याला परिचयाची आहे. १९९५ च्या नियमांतील नियम १७ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांनी ती तीन महिन्यांतून एकदा घ्यायची. ती वेळेवर व्हावी म्हणून आपण निवेदने दिली, इतिवृत्ते मागितली, गैरहजर अधिकाऱ्यांची नावे विचारली. ती सवय आपल्याकडे आहे. तेच कलम ११ आणि नियम ९ साठी करायचे. माहिती अधिकाराचा अर्ज आम्ही तयार केला आहे. तो प्रत्येक तालुक्यातून जावा. त्यात चार प्रश्न आहेत. तालुक्याचे संरक्षण अधिकारी कोण, आणि ते काम पूर्णवेळ आहे की दुसऱ्या पदाचा अतिरिक्त कार्यभार? मागील तीन वर्षांत नमुना ५ किती भरले? नियम ९ खाली पोलिसांना घेऊन संरक्षण अधिकारी किती वेळा घटनास्थळी गेले? आणि पोलीस, आरोग्य व महिला-बालविकास यांची संयुक्त बैठक शेवटची कधी झाली, तिच्या इतिवृत्ताची प्रत.