शिवजन्माची तारीख आणि शोधाची रीत



शाळेत इतिहासाचा निबंध लिहावयास सांगितला की आजचा विद्यार्थी ग्रंथालयाकडे न वळता प्रथम मोबाईल हाती घेतो. यात रागावण्यासारखे काही नाही. जो जुना ग्रंथ पाहण्यासाठी पूर्वी पुण्या-मुंबईस जावे लागे, तो आज पुष्कळदा घरबसल्या पाहावयास मिळतो. ही सोय फार मोठी आहे. परंतु उत्तर सापडणे आणि उत्तराची खात्री पटणे या दोन निराळ्या गोष्टी होत. हा फरक दाखविण्यासाठी आपल्या सर्वांच्या परिचयाचा एक प्रश्न मी आज घेणार आहे.

शिवाजी महाराजांचा जन्म केव्हा झाला? इंटरनेटवर हा प्रश्न विचारला तर बहुतेक ठिकाणी १९ फेब्रुवारी १६३० असे उत्तर मिळते. पण जुने ग्रंथ उघडावेत तर तेथे १६२७ हे साल आढळते. क्वचित १ मार्च १६३० हीही तारीख दिसते. शिवाय काही मंडळी इंग्रजी तारीख न मानता फाल्गुन वद्य तृतीयेस उत्सव करतात. अशा वेळी गोंधळलेला विद्यार्थी जी तारीख अधिक ठिकाणी दिसली ती उतरवून घेतो. जणू इतिहासाचा निर्णय मतदानानेच लागावयाचा असतो! त्याचे उत्तर योगायोगाने बरोबर येते, हे खरे. पण सन १९०० च्या सुमारास एखाद्याने याच रीतीने ग्रंथ मोजले असते, तर त्याच्या पदरात १६२७ हेच साल पडले असते.

कारण त्या वेळेपर्यंत बहुमत १६२७ च्याच बाजूला होते. वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, ही तिथी उत्तरकालीन बखरींतून चालत आली होती. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासात १६२७ हेच साल दिले आणि पुढच्या लेखकांनी ते उचलले. ग्रंथ पुष्कळ झाले, पण पुरावा काही वाढला नाही. एकाचे पाहून दहांनी लिहिले तर साक्षीदार दहा होत नाहीत, तो एकच राहतो. आजच्या इंटरनेटवरील शेकडो पानांनाही हाच न्याय लागू आहे.

मग निर्णय फिरला कशाने? भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घराण्यात मोडी लिपीतील एक शकावली जपून ठेवलेली होती. शके १५४० ते १६१९ या काळातील घटना तीत वर्षवार टिपल्या आहेत. ही जेधे शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. तीत शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, अशी असून वार शुक्रवार, नक्षत्र हस्त आणि स्थळ शिवनेरी, इतका तपशील आहे. तपशिलाचा मोठा गुण असा की तो पडताळून पाहता येतो. पंचांगाचे गणित करून पाहिले तर त्या तिथीस शुक्रवारच येतो.

तथापि एका कागदावर विसंबणे इतिहासकारास शोभत नाही. पुढे जोधपूरकडील कुंडल्यांच्या एका संग्रहात महाराजांची कुंडली मिळाली, ती याच तिथीशी जुळली. महाराजांच्या पदरी असलेल्या कवींद्र परमानंदाचे शिवभारत हे संस्कृत काव्य १९२७ साली प्रसिद्ध झाले. त्यातही शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीयाच निघाली. एक देशमुखाचे टिपण, एक ज्योतिषाचा कागद आणि एक दरबारी काव्य! यांपैकी कोणी दुसऱ्याचे पाहून लिहिले असण्याचा संभव फारसा नाही. अशा स्वतंत्र साक्षी एकत्र आल्या, तेव्हा अभ्यासकांचा कल बदलला. तरीही महाराष्ट्र शासनाने १९६६ साली यासाठी समिती नेमली आणि १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख अधिकृतपणे मान्य व्हावयास २००१ साल उजाडावे लागले.

राहता राहिली १ मार्च ही तारीख. तीही खोटी नव्हे. पोप ग्रेगरी तेरावे यांनी १५८२ साली सुधारलेली कालगणना पोर्तुगालने लगेच स्वीकारली. इंग्लंडने ती १७५२ पर्यंत स्वीकारली नाही. सतराव्या शतकात या दोन गणनांत दहा दिवसांचे अंतर होते. त्यातच इंग्रजांचे नवे वर्ष त्या काळी २५ मार्चला सुरू होई. म्हणजे ज्या दिवसाला आपण १९ फेब्रुवारी १६३० म्हणतो, त्याच दिवशी सुरतेचा इंग्रज कारकून आपल्या पत्रावर १९ फेब्रुवारी १६२९ असे घालणार आणि गोव्याचा पोर्तुगीज अधिकारी १ मार्च १६३० असे लिहिणार. सूर्योदय एकच, तारखा तीन! हे ज्यास ठाऊक नाही तो योग्य पत्र समोर असूनही ते चुकीचे म्हणून बाजूला सारील.

जी गोष्ट तारखांची, तीच नावांची. १७३० साली लिस्बन येथे महाराजांचे एक पोर्तुगीज चरित्र छापले गेले. त्याच्या मुखपृष्ठावर ‘शिवाजी’ हे नाव आजच्या रूपात नाही. तेथे आहे ‘सेवाजी’. आपण आजच्या वर्णलेखनाने शोध घेतला तर शोधयंत्र ते पुस्तक आपल्यापुढे ठेवीलच असे नाही. म्हणून शोधास बसण्यापूर्वी आपल्या विषयातील माणसांची व गावांची जुनी नावे, निरनिराळ्या भाषांतील त्यांची रूपे यांची एक यादी करावी. एखादे विधान अनेक ठिकाणी तंतोतंत त्याच शब्दांत आढळले तर ते वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधावे. नक्कल कोणी कोणाची केली ते पुष्कळदा उघड होते. मग सर्वांत जुन्या उल्लेखापर्यंत मागे जावे आणि तेथे तीन प्रश्न विचारावेत: हे कोणी लिहिले? घटनेनंतर किती वर्षांनी लिहिले? त्याला ते कसे कळले?

शेवटी एक मर्यादाही ध्यानात ठेवावी. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत हयात घालविलेल्या गो. स. सरदेसाई यांनी निवृत्तीनंतर, १९३० ते १९३४ या काळात, पेशवे दप्तरातील कागदांचे पंचेचाळीस खंड संपादिले. एवढे प्रचंड काम, तरी ते निवडक कागदांचेच. न निवडलेले कागद दप्तरातच राहिले आणि मोडीतील बहुतांश कागद शोधयंत्राला आजही वाचता येत नाहीत. तेव्हा ‘इंटरनेटवर मिळाले नाही’ याचा अर्थ ‘पुरावा नाही’ असा करू नये. पणजीचे पुराभिलेखागार असो, हैदराबादचे असो की आपल्या गावातील जुने ग्रंथालय असो, तेथवर पाय नेण्याची तयारी ठेवावी. जमल्यास मोडीही शिकावी.

विद्यार्थी मित्रहो, पुढच्या निबंधात आपण १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख अवश्य लिहा. मात्र तिच्यापुढे जेधे शकावली आणि शिवभारत यांचा एका ओळीत निर्देश करा. गुण कदाचित तेवढेच मिळतील. पण कोणी ‘कशावरून?’ असे विचारले, तर उत्तर तुमचे स्वतःचे असेल.