हातात हुन्नर: केडगावच्या मुलींची गोष्ट



मागच्या महिन्यात आमच्या चर्चच्या आवारात संडे स्कूलच्या मुलांनी स्टॉल लावले होते. लिंबू सरबत, भेळ, हाताने केलेली ग्रीटिंग कार्डं. हिशेब माझ्याकडे होता. एका पालकांनी विचारलं, "देवाच्या घरात मुलांना धंदा कशाला शिकवता?" तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. नंतर पंडिता रमाबाईंचं लिखाण वाचताना ते सापडलं. आज तेच सांगतो.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत फिरायचं. 1870 च्या दशकात दुष्काळात जवळचं सगळं संपलं. रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलंय की धर्मग्रंथांपलीकडचं काहीच त्यांना शिकवलेलं नव्हतं. मोलमजुरी जमत नव्हती आणि भीक मागवत नव्हती. आई, वडील, थोरली बहीण, तिघंही गेली. म्हणजे बघा, घरात एवढी विद्या होती, पण पोट भरेल असं हुन्नर एकाच्याही हातात नव्हतं.

ही आठवण त्यांनी आयुष्यभर जपली असणार, असं मला वाटतं. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. 1887 मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांवर इंग्रजी पुस्तक लिहिलं. त्यात स्त्रियांच्या तीन गरजा सांगितल्या, आणि पहिली होती स्वावलंबन. शिक्षण दुसऱ्या नंबरवर! त्याच वर्षी बॉस्टनमध्ये त्यांच्या नावाने मंडळ निघालं आणि त्याने दहा वर्षं पैसे द्यायचं कबूल केलं. आम्ही स्टार्टअपवाले ज्याला 'रनवे' म्हणतो, तोच हा. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढे ते पुण्याला आलं.

1896-97 मध्ये पुन्हा दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला त्यांची जमीन होती, तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. वाचन-लेखन होतंच, पण सोबत शेती, दूधदुभतं, हातमाग, शिवण आणि तेलाचा घाणाही होता. अंध मुलीही काम शिकत. छापखान्यात मुलीच खिळे जुळवायच्या. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथेच छापलं गेलं. ते पूर्ण निघालं 1924 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी.

यामागे ख्रिस्ती विचार आहे. येशू सुताराच्या घरात वाढला. पौल सुवार्ता सांगत फिरायचा आणि तंबू बनवून पोट भरायचा. प्रार्थना आणि घामाचं काम यात उच्च-नीच नाही. आपल्या समाजात तर कामावरून माणसाची जात ठरायची, त्यामुळे तिथे एकाच घरातल्या मुलींनी घाण्यापासून छापखान्यापर्यंत सगळं करणं ही साधी गोष्ट नव्हती.

आता दुसरी बाजूही बोलायला हवी. शारदा सदनावर धर्मांतराचे आरोप झाले आणि 1893 मध्ये अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. उपाशी मूल जेवू घालणाऱ्याचाच धर्म घेतं, तेव्हा ती निवड किती मोकळी असते? मी ख्रिस्ती असलो तरी हा प्रश्न मला टाळता येत नाही. आणि अजून एक. माग, घाणा, छापखाना, सगळं संस्थेचं होतं. मुलीच्या हातात कसब आलं, पण भांडवल आणि गिऱ्हाईक तिचं स्वतःचं नव्हतं. उद्योजकता म्हणतो त्यातला हा अर्धा भाग राहूनच गेला.

म्हणून त्या पालकांना आता मी एवढंच सांगेन: आपण मुलांना पैशाची हाव शिकवत नाही. वेळ आली तर कुणापुढे हात पसरावा लागू नये, आणि दुसऱ्याचा हात धरता यावा, एवढं शिकवतोय. आमच्या स्टॉलचा हिशेब पुढच्या वर्षी मुलंच लिहितील. खर्च किती, उरले किती, आणि त्यातले कुणाला द्यायचे, तेही तीच ठरवतील. मी फक्त बेरीज तपासणार.

तुमच्या घरातली कुणी आजी-पणजी केडगावला शिकली असेल तर तिच्या आठवणी नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!