गट पडले कामावरून

टेरिअर हट्टी, हाउंड आपल्याच नादात, गनडॉग लाघवी. कुत्रा घ्यायला निघालेल्या माणसाला असा सल्ला हमखास मिळतो. जणू कुणीतरी स्वभाव तपासून हे गट पाडले आहेत!

खरं तर गट पडले ते कामावरून. जॉन कीज या इंग्रज वैद्याने स्विस निसर्गअभ्यासक कोनराड गेस्नरसाठी इंग्लंडातल्या कुत्र्यांची हकिगत लॅटिनमध्ये लिहिली. ती १५७० साली छापली गेली. तीत वासावर माग काढणारे, नजरेने पाठलाग करणारे, पाखरं उठवणारे, मेंढरं वळवणारे कुत्रे आहेत. श्रीमंत बायकांच्या मांडीवरचेही आहेत. त्यांच्यावर कीजबुवांचा भारी राग. चाकात चालून चुलीवरची मांसाची सळई फिरवणारासुद्धा आहे. कुत्रा करतो काय, हा त्यांचा मुख्य प्रश्न.

स्वभाव त्या कामातूनच मुरला. बिळात शिरलेल्या टेरिअरला मालक दिसत नाही. कोल्ह्यासमोर काय करायचं ते त्याचं त्यानेच ठरवायचं आणि भुंकत राहायचं, म्हणजे वरच्यांना खणायची जागा कळते. त्यालाच फ्लॅटमध्ये आणून आपण हट्टी म्हणतो.

१८५९ मध्ये न्यूकॅसलला कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं तेव्हा त्यात फक्त पॉइंटर आणि सेटर हे गनडॉग होते. १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब निघाला. पुढे गट म्हणजे परीक्षकांची सोय झाली. आज तिथे सात गट आहेत. त्यांतल्या ‘युटिलिटी’त कुठेच न बसणारे कोंबलेले: एके काळी पाण्यातून बदकं आणणारा पूडल तिथेच, बुलडॉगही तिथेच. ‘पॅस्टोरल’ गटात तर बॉर्डर कोली आणि पायरेनियन माउंटन डॉग शेजारी-शेजारी. कोली मेंढरांवर नजर रोखून दबकत जातो. ती शिकारच, फक्त शेवटचा चावा वजा केलेली. पायरेनियन त्याच मेंढरांत निवांत पडून राहतो आणि लांडगा आला की उठतो. एकाला हुकूम हवा, दुसऱ्याला नको. अमेरिकेत हाच पायरेनियन ‘वर्किंग’ गटात मोडतो. समुद्र ओलांडला की गट बदलतो, कुत्रा तोच!

मग जातीवरून स्वभाव कळतो का? २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या १८ हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास आला. एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम ९ टक्के फरक जातीमुळे निघाला. माणसाचं ऐकण्याच्या बाबतीत जातीचा हात थोडा जास्त होता. कुत्रा किती लवकर बिथरतो, हे मात्र जातीवरून जवळजवळ काहीच सांगता आलं नाही.